काठावरची माणसे



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात असे आधी मनात आले. पण त्या आपल्यापैकी दहा-पंधरा जण लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. गळके पत्रे, प्रार्थनेची रांग, सहामाहीचे पेपर, स्नेहसंमेलनातले नाटक, हे सगळे या अंकात येणारच. मी मात्र आयुष्यभर इतिहास शिकवला आहे. म्हणून इतिहासाचेच एक पान आपल्यापुढे ठेवतो. आपल्या वेळच्या पुस्तकात ते नव्हते आणि आजच्या पुस्तकातही नाही.

आपण लढाया पाठ केल्या, तह पाठ केले, सनावळ्या घोकल्या. पण दुसरा बुडतो आहे हे पाहून स्वतःचा जीव पणाला लावून पाण्यात उतरलेल्या माणसाचा धडा आपल्याला कधी नव्हता. अशी माणसे दूर कुठे शोधायला नकोत. आपल्याच नांदेड जिल्ह्यातल्या दोन शाळकरी मुलांना तीन वर्षांच्या अंतराने देशपातळीवरचा शौर्याचा पुरस्कार मिळाला, आणि दोघांनाही तो एकाच कामासाठी मिळाला. बुडणाऱ्यांना त्यांनी पाण्याबाहेर काढले होते.

पहिला मुलगा अर्धापूर तालुक्यातल्या पार्डीचा, एजाज अब्दुल रऊफ नदाफ. नांदेडला जाता-येता भोकरफाट्यावर आपण किती वेळा उतरलो असू. त्याच तालुक्यातले हे गाव. ३० एप्रिल २०१७ चा दिवस, म्हणजे ऐन उन्हाळा. गावाजवळ अर्धवट बांधलेल्या बंधाऱ्याच्या खोल पाण्यात चार मुली बुडू लागल्या. आरडाओरडा ऐकून माणसे जमली. एजाज तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता. त्याने उडी घेतली आणि दोघींना जिवंत बाहेर आणले. उरलेल्या दोघी वाचल्या नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते त्याला राष्ट्रीय बाल शौर्य पुरस्कार मिळाला.

दुसरा मुलगा कंधार तालुक्यातल्या घोडजचा, कामेश्वर जगन्नाथ वाघमारे. मन्याड नदीत बुडणाऱ्या दोन मुलांना त्याने वाचवले. २०२१ चा प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार त्याला शौर्यासाठी मिळाला. त्या वर्षी देशभरातून ३२ मुले निवडली गेली होती. करोनाचा काळ असल्याने दिल्लीची वारी झाली नाही. पंतप्रधान मुलांशी पडद्यावरूनच बोलले.

या दोघांची नावे आपल्या जिल्ह्यातल्या किती शाळांच्या फळ्यावर लिहिली गेली, हे मी विचारत नाही. मला दुसरेच विचारायचे आहे. एवढी माणसे काठावर जमलेली असताना पाण्यात उतरणारा एकच का असतो? आणि तोही बहुधा एखादा पोरगाच का असतो?

आपण चटकन म्हणतो, लोक भित्रे झाले, माणुसकी उरली नाही, आता सगळे मोबाईलवर चित्रण करत उभे राहतात. मला हे पटत नाही. एजाजला पुरस्कार मिळाला त्याच वर्षीची पूर्ण यादी पाहा. एकूण १८ मुले होती, ७ मुली आणि ११ मुलगे. त्यातल्या तिघांचे पुरस्कार मरणोत्तर होते. आणि तिघांचाही जीव दुसऱ्याला वाचवताना पाण्यातच गेला होता. त्यांतली एक कर्नाटकातली नेत्रावती चव्हाण. ती १४ वर्षांची होती. दोन मुले खोल पाण्यात बुडताना पाहून ती उतरली आणि परत आली नाही. दुसरी मणिपूरची मुलगी, तिसरा मिझोरामचा मुलगा. आग, रानटी जनावर, चोर-दरोडेखोर अशा नाना संकटांतून आलेल्या मुलांच्या त्या यादीत ज्यांनी जीव गमावला ते तिघेही पाण्याचे बळी होते.

काठावर उभा असलेला माणूस ही गोष्ट यादी न वाचताही जाणतो. आपल्याला पोहता येत नाही हे त्याला ठाऊक असते. पोहता येत असले तरी बुडणारा माणूस मिठी मारतो आणि दोघेही तळाला जातात, हे त्याने ऐकलेले असते. पार्डीसारख्या कितीतरी ठिकाणी एकीला धरायला दुसरी जाते, दुसरीला धरायला तिसरी, आणि एकाच घरातली किंवा एकाच आळीतली चार माणसे जातात. वर्तमानपत्रात अशी बातमी आपण दर उन्हाळ्यात आणि दर गणेश विसर्जनात वाचतो. तेव्हा काठावरच्या माणसाचे पाय जागीच थिजतात त्याला नुसता भित्रेपणा म्हणता येणार नाही. काय करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते आणि हातात धरायलाही काही नसते. हे शिक्षण आणि ही साधने एके काळी आपल्याकडे काही प्रमाणात होती. ती कशी गेली, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे.

आपल्या पिढीतली बहुतेक मुले विहिरीत पोहायला शिकली. उन्हाळ्याची सुट्टी लागली की शिवारातल्या विहिरींवर दिवसभर पोरे पडलेली असत. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडांची बिंडी बांधायची आणि वरून ढकलून द्यायचे. पुढे रिकामा डबा आला, मग ट्रकची ट्यूब आली. शिकवणारा कोणी गुरू नव्हता; कोणाचा चुलता, कोणाचा थोरला भाऊ, कोणाचा सालगडी. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तला श्याम पोहायला जायचे टाळून लपून बसतो, आणि एरवी इतकी मायाळू असलेली त्याची आई त्याला मारत विहिरीकडे पाठवते, हा प्रसंग आपण सगळ्यांनीच वाचला आहे. मुलाला पोहता येणे ही तेव्हा हौस नव्हती, आई-बापाची जबाबदारी होती.

त्याच विहिरीवर मोटेचा नाडा असे. आडावर रहाट आणि पोहरा असे. गड्याच्या डोक्याला पटका असे आणि बाईच्या अंगावर नऊ वार लुगडे असे. कोणी आत पडले तर खाली सोडायला काहीतरी हाताशी असायचेच. विहिरीला पायऱ्या असत, बारव असेल तर तळापर्यंत उतरता येई. पाणी ओळखीचे होते. अमक्या विहिरीत किती पुरुष पाणी आहे, कपार कोणत्या बाजूला आहे, हे गावाला तोंडपाठ असे.

इतिहास सांगताना त्यातली उणी बाजू झाकायची नसते. ते पाणी सगळ्यांचे नव्हते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. आपल्याकडे तेव्हा निजामाचे राज्य होते, पण पाणवठ्याची रीत वेगळी नव्हती. ज्याला विहिरीच्या काठाला हात लावायची बंदी, तो तिच्यात पोहायला कसा शिकणार? आणि मुलींचे काय? धुण्याची घमेली डोक्यावर घेऊन नदीवर, बंधाऱ्यावर जायचे काम मुलींचे आणि बायांचे. पोहायला शिकायचे मात्र मुलांनी. माझ्या वर्गात पोहणाऱ्या मुली किती होत्या, हे आठवायला एका हाताची बोटेही लागत नाहीत. पार्डीला बुडालेल्या चौघीही मुलीच होत्या. हा निव्वळ योगायोग आहे असे मी मानत नाही.

पुढे पाण्याचे रूप बदलत गेले. मोट गेली, इंजिन आले, विजेची मोटार आली. विहिरींचे पाणी खाली गेले, गावोगाव बोअर पडले. बोअरमध्ये कोण पोहणार? पोहायला शिकायची जागाच आटली. दुसरीकडे नवे पाणी आले. १९७२ च्या दुष्काळात हाताला काम म्हणून कितीतरी पाझर तलाव खोदले गेले. मोठे प्रकल्प झाले, कालवे आले; आपल्या भोकरला सुधा प्रकल्पाचे पाणी मिळू लागले. डिसेंबर २०१४ नंतर जलयुक्त शिवार योजनेत नाले खोल झाले, रुंद झाले. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ आले. या पाण्याने शेती वाचवली, टँकर कमी केले. त्याचे ऋण आपल्यावर आहेच. पण हे नवे पाणी वेगळे आहे. नाल्यात पाऊल टाकले तर घोट्याएवढे पाणी आणि पुढच्याच पावलाला दोन पुरुष खड्डा. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. त्यावर शेवाळ धरले की चांगला पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही, घसरून पुन्हा आत जातो. मुरूम आणि वाळू उपसून सोडलेले खड्डे तर कोणाच्याच नावावर नसतात. पहिल्या मोठ्या पावसात ते भरतात आणि वरून तळ्यासारखे शांत दिसतात.

थोडक्यात, पन्नास वर्षांत आपल्या भागात खोल पाणी वाढले आणि पोहणारी माणसे कमी झाली. काठावर गर्दी असते, पण त्या गर्दीत पाणी जाणणारा एखादाच उरतो. एजाज आणि कामेश्वर हे असे उरलेले एखादे होते.

ज्यांच्या काठावर पाणी जाणणारे पुष्कळ असतात तिथे काय होते, हे पाहायचे तर जरा आपल्या मुलखाबाहेर, कोकणच्या किनाऱ्यावर जावे लागेल. १७ जुलै १९४७. देश स्वतंत्र व्हायला महिनाही उरला नव्हता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी ‘रामदास’ बोट रेवसकडे निघाली. आषाढातली अमावास्या जवळ होती, बरेच चाकरमाने गावी निघाले होते, बोट गच्च भरलेली. वाटेत काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत ती कलंडली आणि थोड्याच वेळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबईत ही बातमी पोचली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. म्हणजे दिवसभर सरकार, कंपनी, बंदर, कोणालाच काही ठाऊक नव्हते.

मग जी माणसे वाचली ती कोणी वाचवली? रेवसकडून मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराला निघालेले कोळी त्या वाटेवर होते. पाण्यात माणसे दिसताच त्यांनी होडीतली मासळी समुद्रात टाकून दिली आणि त्या जागी माणसे भरली. ७५ च्या आसपास माणसे अशी वाचली. विचार करा. भर पावसाळ्यातला समुद्र. जी मोठी बोट बुडवून गेला त्याच समुद्रात या लहान होड्या. बुडणाऱ्यांपैकी कोणाला ते ओळखत नव्हते. त्या दिवसाची कमाई त्यांनी स्वतःच्या हाताने पाण्यात सोडली. पण त्यांच्याजवळ होडी होती, दोर होते, आणि लाटेच्या कोणत्या अंगाने बुडणाऱ्याजवळ जायचे याची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण होती. धैर्याला साधन मिळाले आणि जाण मिळाली की किती जीव वाचतात, याचा हा दाखला आहे.

त्याच समुद्रात ७७ वर्षांनी पुन्हा तसेच घडले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. १५ जण दगावले. पण शंभरावर माणसे होती, त्यातली बहुतेक वाचली. कारण जवळून जाणाऱ्या बंदराच्या बोटी आणि इतर होड्या तातडीने तिकडे वळल्या. नौदल आणि तटरक्षक दलानेही मोठे काम केले. पण पहिल्या काही मिनिटांत जो जवळ असतो तोच कामी येतो, हे १९४७ मध्ये खरे होते आणि आजही खरे आहे. बुडणाऱ्या माणसाजवळ वेळ फार थोडा असतो. सिनेमात दाखवतात तसा तो ‘वाचवा, वाचवा’ म्हणून ओरडत बसत नाही. तोंड पाण्यावर ठेवण्यातच त्याची सगळी ताकद जाते, आणि पुष्कळदा तो आवाज न करताच खाली जातो. अग्निशमन दलाची गाडी नांदेडहून निघून आपल्याकडे पोचेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

ही गोष्ट युरोपातल्या लोकांच्या अडीचशे वर्षांपूर्वी ध्यानात आली. अॅम्स्टरडॅम हे कालव्यांचे शहर. तिथे रोज कोणी ना कोणी पाण्यात पडे. १७६७ मध्ये तिथल्या काही नागरिकांनी बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था काढली. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर काय करायचे याची माहिती त्यांनी लोकांना दिली आणि जीव वाचवणाऱ्याला बक्षिसे ठेवली. १७७४ मध्ये लंडनमध्ये तशीच संस्था निघाली. ती आजही चालू आहे. त्यांचे तेव्हाचे काही उपाय आज वाचले तर हसू येते. पण मूळ विचार पक्का होता: बुडणाऱ्याला वाचवणे हे एखाद्या वीराच्या नशिबावर सोडायचे नाही, ते गावाचे काम आहे, आणि ते शिकवता येते.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर पदके आली. २ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंडित नेहरू बसले होते त्या शामियान्याला आग लागली. हरिश्चंद्र मेहरा नावाच्या १४ वर्षांच्या बालवीराने चाकूने कापड फाडून लोकांना वाट करून दिली. त्यावरून मुलांच्या शौर्य पुरस्काराची कल्पना निघाली. १९६१ पासून जीवन रक्षा पदके सुरू झाली. सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा पदक अशा त्यांच्या तीन पायऱ्या आहेत. हे सगळे योग्यच आहे. पराक्रमाचा मान झाला पाहिजे. पण पदक हे घडून गेल्यानंतर येते. बंधाऱ्याच्या काठावर, जिथे घडते आहे तिथे, आपण अजून एक दोरसुद्धा टांगलेला नाही.

आणि दोर किती काम करतो ते पाहा. ऑगस्ट २०२० मध्ये तामिळनाडूतल्या पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टरै धरणाच्या पाण्यात चार तरुण बुडू लागले. खेळायला आलेली परगावची पोरे होती ती. जवळ सेंदमिळ सेल्वी, मुत्तम्माळ आणि आनंदवल्ली अशा तीन बायका होत्या. त्यांनी मागचा-पुढचा विचार न करता अंगावरच्या साड्या सोडल्या, त्या पाण्यात फेकल्या आणि ओढून दोघांना बाहेर काढले. दोघे गेले. राज्य सरकारने त्या वर्षी तिघींना कल्पना चावला पुरस्कार दिला. बाईने चारचौघांत, परक्या पुरुषांसमोर साडी सोडायची म्हणजे काय, हे आपल्या आया-बहिणींना सांगायला नको. लाज आणि जीव या दोन्हींपेक्षा त्यांनी समोरच्याचा जीव मोठा मानला. त्याचबरोबर त्यांनी केलेले काम अगदी शहाणपणाचे होते: बुडणाऱ्याच्या मिठीत न सापडता, त्याच्या हाताला धरायला काहीतरी देणे. आपल्या आज्या हेच लुगड्याने करत आल्या होत्या.

पार्डीला चारांतल्या दोघी वाचल्या, कोट्टरैला चारांतले दोघे. वाचवणाऱ्यांच्या धैर्यात तसूभरही उणीव नव्हती. मग उरलेले दोघे का गेले? कारण दोनच हात होते, किंवा तीनच साड्या होत्या. काठावर आणखी एक दोर असता, हवा भरलेली एक ट्यूब असती, दोर नीट फेकता येणारा आणखी एक माणूस असता, तर काय झाले असते, हा प्रश्न मला सोडत नाही. इतिहासात जर-तरला जागा नसते, असे मी वर्गात नेहमी सांगत आलो. पण पुढच्या उन्हाळ्याच्या बाबतीत ती असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. एप्रिल २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला. त्यासाठी जे उपाय सांगितले जातात ते काही चंद्रावरचे नाहीत. शाळेच्या वयात मुलांना पोहायला आणि पाण्यात सुरक्षित राहायला शिकवा. पाण्याला कुंपण घाला. आणि काठावरच्या सामान्य माणसाला सुरक्षितपणे वाचवायला आणि श्वास परत आणायला शिकवा. ही शेवटची गोष्ट म्हणजेच अॅम्स्टरडॅमचा विचार, आणि नकळत रेवसच्या कोळ्यांचाही.

यातली काठावरच्या माणसाने करायची कामे इथेच लिहून ठेवतो, म्हणजे स्मरणिका निदान तेवढ्यासाठी तरी कोणी उघडेल. आधी ओरडून माणसे गोळा करा. स्वतः कोरड्यात राहून काठी, फांदी, दोर, साडी, धोतर, जे असेल ते बुडणाऱ्याकडे करा. काठावर आडवे पडून धरा, म्हणजे तो तुम्हाला ओढणार नाही. लांब असेल तर तरंगणारे काहीही फेका: ट्यूब, बूच लावलेला रिकामा कॅन, फवारणीचा मोकळा ड्रम, घागर. पट्टीचा पोहणारा असेल त्यानेच उतरायचे, आणि त्यानेही कमरेला दोर बांधून, दुसरे टोक काठावरच्यांच्या हातात देऊन. बाहेर काढलेल्याला उलटे टांगण्यात किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्या आणि छातीवर दाब द्या, आणि कोणाला तरी लगेच १०८ ला फोन करायला सांगा. छातीचा दाब वाचून येत नाही, हाताने शिकावा लागतो. आपल्या बॅचेसमधून इतके डॉक्टर झाले आहेत. एका दुपारी शाळेच्या पटांगणात ते शंभर मुलांना शिकवू शकतील.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दर वेळी ठराव होतो: शाळेला काय द्यायचे? कधी कपाट, कधी पंखे, कधी पाण्याची टाकी. यंदा माझी एक सूचना आहे, आणि ती फार खर्चाची नाही. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक धोक्याच्या पाण्याजवळ, बंधाऱ्यावर, तलावाच्या सांडव्यापाशी, विसर्जनाच्या घाटावर, एका खांबाला वीस-पंचवीस मीटरचा जाड दोर आणि हवा भरलेली एक ट्यूब टांगायची. ज्यांच्या रानात शेततळे आहे त्यांनी चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवायचे. दोर चोरीला जाईल, असे कोणी म्हणेल. जाईल. पुन्हा बांधू. आणि शाळेने दर उन्हाळ्यात पोहायला शिकवायचे, तेव्हा पहिली तुकडी मुलींची असावी.

एजाजसारखा मुलगा आपल्या शाळेत घडवू, असे मी म्हणणार नाही. ती हिंमत ज्याची त्याची असते. ती कोणत्या वर्गात शिकवता येते हे चाळीस वर्षे शिकवून मला कळलेले नाही. पण उद्या आपल्या गावच्या काठावर असे एखादे लेकरू उडी घ्यायला पुढे सरसावेल, तेव्हा त्याच्या कमरेला दोर असावा आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला दहा जणांचे हात असावेत. एवढे आपल्याला करता येईल. मेळाव्याच्या सभेत हा विषय मांडण्यासाठी पाच मिनिटे द्यावीत, ही अध्यक्षांना विनंती. पहिल्या दहा दोरांचे पैसे मी संपादकांकडे जमा केले आहेत.